काहून?

जऊळक्याचं स्टेशन अकोला–पूर्णा मार्गावर, वाशीमच्या अलीकडे. पूर्वी इथून मीटरगेजची गाडी जायची, रूळ रुंद झाले ते 2008 मध्ये. मी गेलो तेव्हा सोंगणीचे दिवस होते. रुळांपलीकडच्या वावरात सोयाबीनच्या सुड्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या. आभाळ भरून आलं होतं आणि फलाटावरच्या प्रत्येकाची नजर आधी त्या सुड्यांकडे आणि मग गाडीकडे जात होती.

बाकावर एक मुलगी वही उघडून बसली होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, गणित घेतलेली. डाव्या पानावर एका प्रमेयाची सिद्धता, सुवाच्य अक्षरात, खाली लाल शाईची रेघ. मी विचारलं, ‘‘हे समजलं का?’’

‘‘पाठ हाय ना,’’ ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं नाही. मीही तिच्याच विद्यापीठातून गणितात पदवी घेतली आहे, आणि दुसऱ्या वर्षी मला कुणी हा प्रश्न विचारला असता तर माझंही उत्तर हेच असतं. आमचे सर पिवळ्या पडलेल्या वहीतून फळ्यावर उतरवायचे, आम्ही फळ्यावरून वहीत. मध्ये कुणाच्या डोक्यातून ते जायचंच असा नियम नव्हता. तास संपताना सर विचारायचे, ‘‘काही शंका?’’ वर्ग गप्प. त्या गप्प राहण्याचा अर्थ सरांनी ‘सगळं समजलं’ असा घेतला आणि आम्ही ‘आपल्याला एकट्यालाच कळत नाही’ असा. दोन्ही अर्थ चुकीचे होते हे कळायला मला पुढची पंधरा वर्षं लागली.

संपादकांचा वर्ग

या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर एका शब्दात सांगितला : ‘वर्ग’. त्यांच्या मनात शाळेची खोली होती. मला मात्र आधी आठवला तो संख्येचा वर्ग, मग समाजातले वर्ग, आणि सगळ्यात शेवटी पदवीच्या दुसऱ्या वर्षी भेटलेले समतुल्यता वर्ग. मराठीत हे चारही एकाच शब्दात बसतात. मी म्हटलं, गणिताच्या वर्गावर लिहितो. पलीकडे थोडी शांतता. ‘‘वाचतील ना लोक?’’

मला बघायचं होतं ते एवढंच : वाशीमसारख्या जिल्ह्यात, जो 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला आणि 2018 मध्ये केंद्राच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत गेला, तिथे पदवीचं गणित शिकवण्याची वेगळी तऱ्हा चालते का? वेगळी म्हणजे प्रोजेक्टर आणि टॅबवाली नव्हे. विद्यार्थ्यानं वर्गात स्वतः गणित करायचं, बोलायचं, चुकायचं अशी. आणि हे सगळं पहिल्या बाकावरच्या तीन हुशार पोरांनीच नव्हे, सगळ्यांनी करायचं.

असा एक तास मला बसून बघायला मिळाला. कॉलेजचं आणि सरांचं नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. सर तासिका तत्त्वावर आहेत. शिकवतील त्या तासांचे पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते पुढच्या वर्षी कळणार.

2006, 2005, 2004

पटावर चाळीसेक नावं, वर्गात सतरा जण. बाकीचे सोंगणीला. सरांनी हजेरी घेतली नाही, फळ्यावर काही लिहिलंही नाही. म्हणाले, आपापलं जन्मसाल कागदावर लिहा. त्यातले अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्याला पुन्हा तेच.

खिडकीजवळच्या मुलाचं जन्मसाल 2006. त्यानं 6200 मधून 0026 वजा केले : 6174. पुन्हा केलं, 7641 वजा 1467, परत 6174. त्यानं पेन खाली ठेवलं. ‘‘सर, अटकलं.’’

शेजारची 2004 ची. तिला आधी 4176 आले, मग 6174. तीही थांबली. पण 2005 वाले वैतागले होते. 5175, मग 5994, मग 5355, 1998, 8082, 8532... खाडाखोड वाढत गेली. एकाला आपलंच चुकतंय असं वाटून त्यानं कागद चुरगाळला. सरांनी तो उचलून सरळ केला आणि त्याला परत दिला. सातव्या पायरीवर त्याचेही 6174 आले तेव्हा तो जोरात हसला आणि मागे वळून म्हणाला, ‘‘अबे, मायंबी तेच!’’

ही संख्या महाराष्ट्राची. देवळालीतले शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना ती सापडली. ना विद्यापीठातली खुर्ची, ना संशोधनाचं अनुदान. शाळा शिकवून उरलेल्या वेळात हा माणूस आकड्यांशी खेळत असे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतेच. हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं, मोबाइलवर फिरणाऱ्या गमतीच्या मजकुरात तर हमखास. गंमत तिथेच संपते. या वर्गात तास तिथून सुरू झाला.

सर म्हणाले, ‘‘आता विचारा.’’

कुणी काही बोलेना. सर थांबले. शिक्षकांच्या या थांबण्याचा अभ्यास अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात केला होता. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. फळ्यासमोर उभं राहून मोजून बघावेत. मला मागच्या बाकावर बसूनही ते जड गेले.

मग भिंतीकडच्या एका मुलीनं, फारशी मान वर न करता, विचारलं, ‘‘काहून?’’

वऱ्हाडीत ‘का’ला काहून म्हणतात. सरांनी तो शब्द जसाच्या तसा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. तासभर तो पुसला नाही.

दहा हजारांतून चोपन्न

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते सावकाश सांगण्यासारखं आहे.

पहिली सूचना आली ती सरळसोट : सगळ्या संख्या करून बघू. चारही अंक सारख्या असलेल्या दहा सोडल्या तर 9990. ‘‘सोंगणी संपेस्तोवर होऊन जाईन,’’ कुणीतरी म्हणालं. सरांनी हसण्यावारी नेलं नाही. ही पद्धत बरोबर आहे, फक्त लांब आहे, असं म्हणून ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली. मग म्हणाले, दोन मिनिटं एकट्यानं विचार करा, मग शेजारच्याशी बोला. 2005 आणि 5200 यांत फरक काय?

‘‘काहीच नाही. अंक तेच, मांडले की एकच होतात.’’ म्हणजे अंकांची जागा बदलून होणाऱ्या सगळ्या संख्या एका दावणीला. काम बरंच कमी झालं.

नंतर चिठ्ठी निघाली. या सरांच्या टेबलावर एक डबा असतो, त्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. हात वर करणाऱ्यालाच बोलू दिलं तर वर्षभर तेच तीन हात वर होतात, हा त्यांचा अनुभव. चिठ्ठी निघाली की फळ्याशी यायचं, पण ‘पुढे’ म्हणायची मुभा आहे. तसं म्हटलं तर चिठ्ठी डब्यात परत जाते आणि पुन्हा निघू शकते. सक्ती नाही, सुटकाही नाही.

ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तो चुकला. त्यानं चार अंकांना क, ख, ग, घ म्हटलं, मोठ्यापासून लहानाकडे, आणि वजाबाकी हातचे घेत करायला गेला. दुसऱ्याच हातच्याला अडकला. सरांनी ती चूक पुसली नाही, तिच्याभोवती चौकट काढली आणि बाजूला नवी जागा दिली. मागच्या बाकावरून एक आवाज आला : हातचे कशाला, हजार-शंभर-दहा लिहून टाक ना. लिहिलं. हजार क वजा हजार घ, तिकडून क आणि घ उलटे... आणि सगळं आवरल्यावर उरलं ते एवढंच : 999 गुणिले क आणि घ यांचा फरक, अधिक 90 गुणिले ख आणि ग यांचा फरक.

वर्गात एकदम गलका झाला. म्हणजे चार अंक कोणते याच्याशी देणंघेणंच नाही! बाहेरच्या दोघांतला फरक आणि आतल्या दोघांतला फरक, बस. 2006 चे फरक 6 आणि 2. 999 सक सगळे 5994, त्यात 180 मिळवले की 6174. पडताळून झालं. बाहेरचा फरक 1 ते 9, आतला 0 पासून बाहेरच्या फरकाइतका. दोन अधिक तीन अधिक चार असं दहापर्यंत. चोपन्न. 9990 संख्या, पण तपासायच्या जोड्या चोपन्नच.

तेव्हा सरांनी तासातला पहिला इंग्रजी पारिभाषिक शब्द उच्चारला. इक्विव्हॅलन्स क्लास, समतुल्यता वर्ग, अभ्यासक्रमातला हाच तो भाग. ज्यांच्यात आपल्या कामापुरता फरक नाही ते सगळे एका वर्गात. माझ्या वेळी याची व्याख्या आधी आली होती, तीन अटींसकट, आणि उदाहरण कधी आलंच नाही. इथे उदाहरण पोरांनी हातानं केलं होतं. व्याख्या त्याला नाव द्यायला आली.

पाऊस पडला तरच

तासानंतर सरांनी मला एक वही दाखवली. तिच्यात त्यांनी मुलांची वाक्यं टिपून ठेवली आहेत. वाशीम–मालेगावची पोरं घरी वऱ्हाडी बोलतात, शाळा प्रमाण मराठीत किंवा सेमी इंग्रजीत झालेली, आणि पदवीचं पुस्तक इंग्रजीत. ‘निश्चयक’ म्हणून दहावीत शिकलेली गोष्ट पुढे ‘डिटर्मिनंट’ होऊन येते आणि ओळख देत नाही. मुलगा गणितात अडला की इंग्रजीत, हे परीक्षकालाही कळत नाही आणि मुलालाही.

सर काय करतात तर तर्काचं व्याकरण मराठीतून, चिन्हं जगाची तीच. ‘पाऊस पडला तर पेरणी’ आणि ‘पाऊस पडला तरच पेरणी’ यांत फरक काय, हे इथल्या पोराला विचारावं लागत नाही. त्या एका ‘च’त आवश्यक अट आणि पुरेशी अट यांचा सगळा धडा आहे. पाऊस आवश्यक आहेच, पण पुरेसा? बियाणं नसेल, पैसा नसेल, तर? आणि पीक यायला पाऊस पुरेसा असतो म्हणावं, तर दुबार पेरणी हा या जिल्ह्यानं जगून पाहिलेला प्रतिदाखला : पाऊस आला, पेरलं, उगवलं नाही. इंग्रजी पुस्तकातलं जे ‘ओन्ली इफ’ मुलांना वर्षभर छळतं, ते मराठी एका प्रत्ययात उरकते.

तसंच कुलपांचं. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘एक अशी किल्ली आहे की जी प्रत्येक कुलपाला लागते.’ शब्द जवळपास तेच, क्रम बदलला, अर्थ पार बदलला. सांतत्य आणि एकसमान सांतत्य यांतला भेद एवढाच. मला तो एम.एस्सी.ला कळला, तोही रस्त्यानं चालताना.

भाषेचा प्रश्न पदवीवर सुरू होत नाही, हे मान्य. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विनोद गेले. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : ‘सत्तावन्न’ ऐकून आधी सात लिहावं की पाच, इथे काही मुलं अडखळतात; त्यांना एक सोपी वाट द्या, जुनी कुणी काढून घेत नाही. हसणाऱ्यांत अडखळणारं मूल कुणीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट सरांनी एका विद्यार्थ्यामुळे सोडली. त्याला फार कमी दिसतं. ‘हे इकडे नेलं की ते त्याच्याशी कटतं’ हे गणिताच्या वर्गातलं सर्वांत लाडकं वाक्य. फळा न दिसणाऱ्याला त्यात काहीच मिळत नाही. आता सर प्रत्येक चिन्ह बोलून लिहितात. फायदा मागच्या बाकांनाही झाला. रशियाचे मोठे गणिती पोंट्रियागिन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात गेली. त्यांना पुस्तकं वाचून दाखवली आईनं, आणि तिला गणित येत नव्हतं. चिन्ह जसं दिसेल तसं ती सांगे. संचांच्या छेदाला ‘शेपट्या खाली’ म्हणे. मुलगा जगप्रसिद्ध झाला. परिभाषेचे कोश हवेतच, पण अडलेल्या वेळी शेपट्यांवरही काम चालतं.

टेक्सासचा फळा, मुंबईचं शिबिर

विद्यार्थ्यांनीच फळ्यावर सिद्धता मांडायच्या ही कल्पना टेक्सास विद्यापीठाच्या आर. एल. मूर यांच्या नावानं ओळखली जाते. पुस्तक वाचायचं नाही, व्याख्यान नाही. व्याख्या घ्या, प्रमेय घ्या, स्वतः सिद्ध करा. या पद्धतीतून उत्तम गणिती निघाले. पण मूर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात बसू देत नसत. व्हिव्हियन मलोन-मेझ यांना त्यांनी नाकारलं. मलोन-मेझ यांनी तरीही 1966 मध्ये त्याच विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. वर्गात सगळे काम करतात म्हणून वर्ग सगळ्यांचा होतो असं नाही, याला यापेक्षा टोकदार दाखला मला माहीत नाही. आपल्याकडे दारातून कुणाला परत पाठवत नाहीत. चिठ्ठ्यांचा डबा नसेल तर मात्र तेच काम बाकांची रांग करते.

उलट बाजूनं बर्कलीचे यूरी ट्राइझमन. कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये का मागे पडतात हे शोधायला ते 1970 च्या दशकात निघाले. कमकुवत पाया, घरची परिस्थिती अशी जी कारणं सहकारी सांगत होते ती टिकली नाहीत. दिसलं ते असं : ही मुलं एकेकटी अभ्यास करत, चिनी वंशाची मुलं मिळून करत, एकमेकांच्या चुका काढत. ट्राइझमननी त्यांच्यासाठी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. जास्त अवघड गणितं देऊन त्यांना एकत्र बसवलं. निकाल पालटले.

आपल्याकडचं उदाहरण 1993 चं. मुंबई विद्यापीठातले एस. कुमारेसन यांनी एम.टी.टी.एस. हे उन्हाळी शिबिर सुरू केलं, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पैशातून. देशभरातली बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुलं चार आठवडे राहायला. तिथे उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न : कशावरून? ही अट काढली तर काय बिघडेल? एक उदाहरण दे. न बिघडणारं दे. आमच्या या सरांनी तिथे एक उन्हाळा काढला आहे. पहिल्या आठवड्यात रोज रात्री बॅग भरायचो, असं ते म्हणाले. ‘‘एम.एस्सी.ला पहिला वर्ग होता माझा. तिथं गेल्यावर कळलं, संच म्हणजे काय हेच मला माहीत नाही.’’

आकडे हवे असतील तर आहेत. 2014 मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणिताच्या पदवी वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे 34 टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 22. मला त्याहून 2019 चा हार्वर्डचा प्रयोग जास्त पटतो. तिथे अशा वर्गातली मुलं जास्त शिकली, आणि आपण कमी शिकलो असं त्यांनीच सांगितलं.

वाशीमच्या या वर्गाबाहेरही मी तेच ऐकलं. ‘‘सर चांगले हायेत,’’ एक जण म्हणाला, ‘‘पण शिकवत नाईत. आमालेच करा लावतात.’’

चारची गाडी

ही तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली तर तासिकेवरच्या माणसाला ती महागात पडू शकते. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका येईल ती व्याख्या लिहा, प्रमेय सिद्ध करा अशीच. बाजारात ‘मोस्ट आयएमपी’चं गाइड आहे, आणि पास व्हायला ते पुरतं. म्हणून सर आठवड्यातले दोन तास अशा पद्धतीनं घेतात आणि बाकीचे जुन्या पद्धतीनं, नोट्स सांगत. त्यांना याची थोडी लाज वाटते. मला वाटत नाही. सगळा अभ्यासक्रम असा उलटवून टाका म्हणणाऱ्यांनी आधी एक सेमिस्टर तासिकेवर काढावं.

ट्राइझमनसारखे संध्याकाळचे गट इथे जमणार नाहीत. मुलींची घरं पंधरा-वीस किलोमीटरवर. गाडी चुकली, एसटी चुकली की घरी प्रश्न येतो, आणि दोनदा आला की कॉलेज बंद. हॉस्टेलवरच्या मुलांना रात्री मिळून गणितं सोडवता येतात, पासवरच्या मुलींना नाही. म्हणून एकत्र बसण्याचं काम तासातच झालं पाहिजे, हे सरांनी दोनदा सांगितलं. त्यांची पद्धत अर्धी एसटीच्या वेळापत्रकानं ठरवली आहे.

चुकीच्या चौकटींबद्दल विचारलं तेव्हा ते वेगळंच बोलू लागले. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या ‘महाभास्करीया’त लंका–उज्जैन मध्यरेषेवरच्या गावांची यादी आहे, तिच्यात हे नाव येतं. गावाला अभिमान आहे, मध्यमेश्वराचं देऊळ त्याच आठवणीचं. आता नकाशा काढा. उज्जैनपेक्षा वाशीम एक अंशाहून जास्त पूर्वेला. माध्यान्ह इथे पाचेक मिनिटं आधी होते. सर मुलांना विचारतात, घड्याळ नसताना त्या माणसानं गावं एका रेषेवर कशी बसवली असतील, आणि एवढ्यावर कसा चुकला असेल? ‘‘भास्कर चुकू शकतो म्हटलं की पोरं जरा मोकळी होतात.’’

परतीच्या गाडीत सकाळची मुलगी समोरच होती. तिचा तास वेगळा, ती त्या वर्गात नव्हती. पण भिंतीकडची ती मुलगी तिची मैत्रीण निघाली, पुढच्या गावची. दोघींच्या मध्ये वही. उजव्या पानावर जोड्यांची रांग, बाहेरचा फरक, आतला फरक, पुढे बाण. अमानवाडीच्या बाजूला पाऊस दिसत होता, डब्यातले बाप्ये सोयाबीनच्या भावावर बोलत होते.

‘‘पंचावन्न येऊन राहिले,’’ सकाळची म्हणाली.

‘‘चोपन्न.’’

‘‘शून्य-शून्य धरून पंचावन्न.’’

‘‘ते नाई धरायचं.’’

तिनं पेन वर घेतलं. डाव्या पानावरची लाल रेघ अर्धी झाकली गेली होती.

‘‘काहून?’’